रविवारचे समंत्रक

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. शिकवण्याचा भार गावोगावच्या कॉलेजांतल्या अभ्यासकेंद्रांवर आणि आम्हा अर्धवेळ समंत्रकांवर. आठवडाभर मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राबायचो, मानधन सहा-सहा महिने रखडायचं. रविवारी मात्र उत्साहाने केंद्रावर जायचो. समोर एसटीचे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, दहावीनंतर संसारात अडकलेल्या बाया. मागणी-पुरवठा शिकवताना कांद्याचे भाव तेच मला समजावून सांगायचे. असं समाधान पगारी नोकरीतही क्वचितच मिळतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वर्ग मोबाइलवर गेले. कॅमेरे बंद, नुसती नावं. एक बाई फोन पिठाच्या डब्याला टेकवून, भाकऱ्या थापत ऐकायच्या. रेंज गेली की छतावर जायच्या. केंद्रावर यायला ज्यांना एसटीचं भाडं परवडत नव्हतं, तेही आता हजर असायचे, याचं मला मोलच वाटतं. पण शंका रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर येत राहायच्या. मानधन तेवढ्या तासाचंच. या उत्तरांच्या वेळेचेही पैसे शिक्षकाला मिळालेच पाहिजेत.