हातोडा पडण्याआधी

उंटावरून उतरा आणि आधी डोळ्यांवर हात धरा. साल १९३६. पाम व्हॅलीच्या तांबड्या कड्यांवर ऊन असं रणरणतंय की नजर ठरत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातला हा मुलूख पश्चिम अरेर्न्ते लोकांचा. हर्मन्सबर्गच्या ल्युथरन मिशनकडचे उंट घेऊन निघालेल्या रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराबरोबर तुम्ही आला आहात. उंट सांभाळतोय तिशीतला अल्बर्ट नमत्जिरा. मिशनमध्ये त्यानं लोहारकाम केलंय, सुतारकाम केलंय, तापल्या सळईनं लाकडावर चित्रं डागलीत. उंटांची आणि वाटेची जबाबदारी त्याची. बदल्यात बॅटरबीनं त्याला जलरंग शिकवायचे.

त्याच्या शेजारी बसा, बोलू नका. वारा इतका कोरडा की ओला कागद पाहता पाहता सुकतो, म्हणून लांबच्या डोंगरावर तो जांभळा रंग एका दमात फिरवतो. मग पुढ्यातल्या घोस्ट गमकडे वळतो. पांढऱ्याशुभ्र खोडाचं हे झाड. उजेडाकडची बाजू तो कोरीच सोडतो. सावलीच्या कडेनं नुसतं निळसर पाणी ओढतो. तेवढ्यानं खोडाला गोलाई येते आणि कागदावर ऊन पडतं. पुढे काही समीक्षक याला गोऱ्यांची नक्कल म्हणणार आहेत. तुम्ही मात्र त्याला तो डोंगर न्याहाळताना पाहिलंय. त्या डोंगरात त्याच्या पूर्वजांच्या कथा आहेत. नक्कल करायला तो काही परका नाही.

१९३८ मध्ये मेलबर्नला पहिलंच एकल प्रदर्शन. सगळी चित्रं विकली जातात.

आता १९५०च्या दशकात या. ॲलिस स्प्रिंग्जच्या वेशीबाहेर मॉरिस सोक नावाची वस्ती आहे, पालं आणि धूळ. देशभर घराघरांत ज्याच्या चित्रांच्या छापील प्रती लागल्यात, तो माणूस इथं राहतो. गुरांसाठी चराईचा परवाना मागितला, मिळाला नाही. १९५१ मध्ये गावात घर बांधायला निघाला, तेही आदिवासी म्हणून नाकारलं गेलं. ज्या भूमीची चित्रं विकून सगळे पैसे कमावत होते, तिथं त्याला चार भिंती उभारता येत नव्हत्या. हे वाचून सोडून देण्यासारखं नाही.

एक प्रवासी मोटारीतून उतरतो. त्याच्या खांद्यावरून डोकावा. अल्बर्टचं एक चित्र तो घेतो. मग मुलांची, एनोसची, एवाल्डची. ओटो पारेरुल्त्जा या दुसऱ्या चित्रकाराच्या डोंगरांवर लाटांसारखे पट्टे आहेत, ते वेगळेपण त्याला लगेच जाणवतं. पैसे देऊन तो चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळतो. त्याचा संग्रह असा जमत जातो.

१९५७ मध्ये अल्बर्टला नागरिकाचे हक्क मिळतात, त्याच्या मुलांना नाही. त्याला दारू विकत घ्यायची मुभा, पण आप्तांना द्यायला बंदी. आणि असेल ते वाटून घेणं ही तर त्यांची रीत. १९५८ मध्ये त्याच गुन्ह्यासाठी शिक्षा होते. शिक्षेचे दोन महिने पापुन्या वस्तीत काढून तो सुटतो आणि ८ ऑगस्ट १९५९ रोजी जातो. १९८३ मध्ये सरकारी विश्वस्त त्याचे प्रताधिकार कुटुंबाला न विचारता ८,५०० डॉलरला विकून टाकतात. ते परत मिळायला २०१७ उजाडतं.

आता आजच्या लिलावगृहात बसा. प्रवाशाचा संग्रह क्रमाक्रमानं पुकारला जातोय, हात वर होताहेत. ९ जून २०१० पासून ऑस्ट्रेलियात कायदा आहे: कलाकृती पुन्हा १,००० डॉलर किंवा अधिक किमतीला विकली गेली, तर पाच टक्के चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना. पण आधीपासून कुणाच्या मालकीत असलेलं चित्र त्या तारखेनंतर पहिल्यांदा हात बदलतं, तेव्हा हा नियम लागू होत नाही. म्हणजे घरात इतकी वर्षं जपलेल्या या संग्रहावर आज चित्रकारांच्या कुटुंबांना काहीच देणं लागत नाही. हक्क पुढच्या विक्रीपासून सुरू. आणि अल्बर्टच्या बाबतीत तो मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी, २०२९ अखेर संपतो.

विकणाऱ्याला मात्र स्वतःहून देण्यापासून कुणी अडवलेलं नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या इल्त्जा न्तजारा कलाकेंद्रात त्याच घराण्यातले लोक आजही जलरंगात रंगवतात. पाच टक्क्यांचा धनादेश तिथं पाठवता येतो, हातोडा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.