विद्येची जकात

जकात म्हटले की आपल्याला नाक्यावर थांबलेला ट्रक आठवतो. ते नाके आता उठले. मी म्हणतो ती जकात वेगळी. मुसलमानांच्या घरात वर्षाच्या शिलकीतला ठरावीक हिस्सा गरजूंसाठी काढतात, तिला जकात म्हणतात. जुनी माणसे पुढे असेही सांगत की विद्येलाही जकात आहे. ती दुसऱ्याला शिकवली म्हणजे फिटते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्याकडे ही शिल्लक मोठी. कामाचे तास संपल्यावर त्यांनी तिचे काय केले, याचा महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांत लोकांना समजेल अशा भाषेत शास्त्रीय विषयांवर व्याख्याने होऊ लागली. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती आपापल्या कामाला जाण्याआधी, सकाळी, बिनपगारी शिकवीत. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड गरिबांना फुकट औषध देत आणि उरलेल्या वेळात जुने शिलालेख वाचीत. पुण्यात १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. राबणाऱ्या माणसाला रात्रीच सवड असते, हे त्यांनी ओळखले होते.

आता मुंबई-पुणे सोडून आपल्या झाडीत येऊ. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की आरमोरी, पुढे गडचिरोली. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे रुग्णालय आहे. तिथे शहरातले शल्यविशारद आपली धावती प्रॅक्टिस बाजूला ठेवून शस्त्रक्रियेच्या शिबिरांना येतात. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी मणक्याच्या दुखण्यासाठी आले. धानाच्या रोवणीत दिवस-दिवस वाकून राहणाऱ्या बायामाणसांच्या पाठीला या विद्येचे मोल विचारावे!

पण शिबिर आटोपले की सर्जन परत जातो आणि त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. ती गावात मागे कशी राहील? याचे एक उत्तर ‘सर्च’नेच दिले. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन, श्वास, ताप पाहायला आणि वेळेवर औषध द्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या कामाचा निष्कर्ष छापून आला. ३९ गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते.

दुसरे उत्तर सापडते ते गडचिरोलीहून तीसेक किलोमीटरवर, धानोऱ्याच्या अलीकडे, मेंढा गावात. लेखा गावाला लागून असल्याने त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरांचे हे गोंडांचे गाव. १९८० च्या दशकात मोहन हिराबाई हिरालाल तिथे जाऊ लागले. त्यांच्या सोबतीने आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने गावाने एक रीत बसवली, ती म्हणजे अभ्यासगट. जंगलाचा जाणकार, कायद्याचा जाणकार, अधिकारी, संशोधक, कोणीही यावे, गावकऱ्यांत बसावे, आपल्याला ठाऊक असेल ते सांगावे आणि विचारतील त्याला उत्तर द्यावे. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वांच्या सहमतीने. पाहुणा कितीही मोठा असला तरी ‘तुम्ही असे करा’ हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

पोळे जाळून मध काढण्याऐवजी माशा न मारता मध कसा घ्यावा, यावर इथे अभ्यास झाला. जंगलाच्या कायद्यावर तर वर्षानुवर्षे झाला. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाला तो समजावून घ्यायला कोणाच्या दारात जावे लागले नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो मिळेना. गाव अडून बसले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

आमच्या झाडीत माणसाला आजार जितका लोळवतो, तितकाच न समजलेला कागदही लोळवतो. हा कागद समजावून सांगणारी माणसे आपल्याच गल्लीत राहतात. निवृत्त तलाठी आहेत, बँकेतले बाबू आहेत, नर्सबाई आहेत, वकील आहेत. रविवारचा एक तास पारावर बसले तरी पुष्कळ होईल. मात्र बसताना मेंढ्याची रीत ध्यानात ठेवावी. आधी विचारलेले ऐकावे, मग बोलावे आणि ठरवण्याचे काम समोरच्यावर सोडावे.

जकातीचाही नियम हाच आहे. देणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नाही. कारण तो हिस्सा मुळातच घेणाऱ्याचा हक्क मानलेला आहे.