गणिती कोडी (शालेय अध्यापनातील)

गणितातली एखादी संकल्पना, रीत किंवा विचार करण्याची सवय मुलांच्या अंगवळणी पडावी म्हणून वर्गात हेतुपूर्वक वापरलेली कोडी. तास संपायला पाच मिनिटे उरली म्हणून घातलेले कोडे यात मोडत नाही. अध्यापनातले कोडे पाठाच्या आरंभी येते आणि पाठ त्याच्यातूनच उलगडत जातो. सरावसंचातल्या उदाहरणाला कोणती रीत लावायची हे प्रकरणाच्या नावावरूनच कळलेले असते. कोड्यात ती निवड मुलाला स्वतः करावी लागते. गणिताचा खरा अभ्यास या निवडीत आहे आणि म्हणूनच कोडी अभ्यासक्रमाच्या मध्यभागी असायला हवीत.

पूर्वपीठिका : शिकवण्यासाठी कोडी रचण्याची परंपरा जुनी आहे. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेनच्या दरबारी असलेल्या अल्क्विन या विद्वानाच्या नावावर एक लॅटिन संग्रह आहे. तरुणांच्या बुद्धीला धार लावणे हा हेतू त्याच्या शीर्षकातच सांगितलेला आहे. नदी ओलांडण्याचे प्रसिद्ध कोडे त्यात सापडते. मुळात तिथे लांडगा, शेळी आणि कोबी आहेत. आपल्याकडे ते वाघ, शेळी आणि गवताचा भारा असे सांगतात. होडीत नावाड्याखेरीज एकच मावतो, वाघ-शेळी किंवा शेळी-गवत यांना नावाड्याविना एकत्र सोडता येत नाही, आणि सात फेऱ्यांत सगळे पलीकडे पोचतात. एकदा पलीकडे नेलेली शेळी पुन्हा अलीकडे आणावी लागते, तिथे मुले हमखास अडतात. पुढे जाण्यासाठी एक पाऊल मागे घ्यावे लागते हे त्यांना पटत नाही. या कोड्यात एकही बेरीज नाही, तरी सगळ्या शक्यता क्रमाने मांडून बघण्याचा पहिला धडा त्यातून मिळतो.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातली कित्येक उदाहरणे भुंगे, मोर, हंस आणि कमळे यांच्या गोष्टींतून येतात. तळ्यातले एक कमळ पाण्यावर एक वीत, म्हणजे अर्धा हात, वर आहे. वाऱ्याने कलून ते मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? खोली ‘ख’ मानली तर देठाची लांबी ख अधिक अर्धा, आणि काटकोन त्रिकोणाच्या नियमाने उत्तर पावणेचार हात येते. आठवी-नववीच्या वर्गात हे उदाहरण आजही उत्तम चालते, कारण आकृती काढल्याशिवाय ते सुटतच नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) जादूच्या चौरसांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

मनातली संख्या : महाराष्ट्रातल्या घराघरांत चालणारे एक कोडे बीजगणिताच्या प्रवेशासाठी अत्यंत उपयोगी आहे. मनात एक संख्या धरायची. तेवढेच रुपये मित्राकडून घ्यायचे. दहा माझ्याकडून घ्यायचे. एकूण रकमेतले निम्मे देवाला वाहायचे. मित्राचे मित्राला परत करायचे. हातात उरतात पाच. मुले थक्क होतात आणि पुन्हा करायला लावतात. मग शिक्षक फळ्यावर पहिल्या संख्येऐवजी एक पिशवी काढतात. मित्राची तेवढीच दुसरी पिशवी, शेजारी दहा ठिपके. निम्मे केले की एक पिशवी आणि पाच ठिपके. पिशवी मित्राला दिली की उरले पाच ठिपके. पिशवीत किती होते याची गरजच पडली नाही हे मुलांना डोळ्यांनी दिसते आणि पिशवीच्या जागी ‘क्ष’ लिहायला मग कोणी बिचकत नाही. पुढची पायरी याहून मोलाची आहे: आता शेवटी सात उरतील असे कोडे तुम्ही रचा. ‘माझ्याकडून चौदा घ्यायचे’ हे ज्या मुलाला सुचते त्याने समीकरण उलट दिशेने चालवलेले असते.

कापरेकरांची देणगी : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूत जन्मलेले आणि १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शिकवणारे शाळामास्तर. विद्यापीठातले कोणतेही पद नसताना त्यांनी संख्यांच्या गमतीजमतींचा आयुष्यभर पाठपुरावा केला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोचले. त्यांच्या १९४९ मधल्या शोधाइतके वर्गात चपखल बसणारे दुसरे कोडे सापडणे कठीण.

चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची. अट एवढीच की चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करायची आणि उत्तरावर हेच पुन्हा करायचे. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हीच संख्या येते.

या कोड्याची थोरवी वर्गात कळते. प्रत्येक मूल वेगळी संख्या घेऊन बसते, त्यामुळे हुशार मुलाने उत्तर ओरडून बाकीच्यांचा विचार थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. ‘बाई, माझेही तेच आले’ असे चारी बाजूंनी ऐकू येऊ लागते, तोवर हातच्याच्या वजाबाकीचा भरपूर सराव कोणी न सांगता झालेला असतो. एक बाब मात्र शिक्षकाने ध्यानात ठेवावी. मधली एखादी वजाबाकी चुकली तरी शेवटी बहुधा ६१७४ च येते, कारण चुकलेले उत्तर हीसुद्धा एक नवी चार अंकी संख्याच असते. म्हणून प्रत्येक पायरीवर उत्तरातल्या अंकांची बेरीज करून ती ९ च्या पटीत आहे का ते पाहायला लावावे. ३०८७, ८३५२ आणि ६१७४ या तिन्हींची बेरीज १८ आहे. असे का होते, हा प्रश्न मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवण्यासारखा आहे. दोन्ही संख्यांचे अंक तेच, म्हणून ९ ने भागल्यावर बाकीही तीच आणि वजाबाकीत ती नाहीशी होते. तीन अंकी संख्यांसाठी मुक्काम ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र कोठेच स्थिरावत नाहीत. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असे फेरे घेत राहतात. हे मुलांना आधी सांगू नये.

कापरेकर संख्याही अशाच वर्गस्नेही आहेत: ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५; ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० + २५ = ५५. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिले. तिसरी-चौथीतली मुले अशा संख्या शोधण्यात रमतात आणि त्या ओघात पाढे पक्के होतात.

सिद्धतेकडे नेणारी कोडी : एक ते नऊ अंकांचा तीन-बाय-तीन जादूचा चौरस सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तो भरता येणे ही अर्धीच गोष्ट. मधल्या घरात ५ च का, असे विचारले की तर्काला सुरुवात होते. मधल्या घरातून चार ओळी जातात, प्रत्येकीची बेरीज १५, म्हणून एकूण ६०. यात सगळे अंक एकदा (४५) आणि मधला अंक आणखी तीनदा मोजला गेला. म्हणून तो ५. मुलांच्या आयुष्यातली ही पहिली सिद्धता ठरू शकते. कोनिग्सबर्गचे सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडण्याचा प्रश्न गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये अशक्य म्हणून निकालात काढला. पेन्सिल न उचलता आकृती काढण्याच्या खेळातून त्याच निष्कर्षापर्यंत सहावी-सातवीची मुले येऊ शकतात. जपानी गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या केनकेन चौकटीत चारही मूलभूत क्रिया आणि तर्क एकत्र येतात.

मर्यादा : शब्दांच्या पकडीवर उभी असलेली कोडी मुलाला फसवतात, शिकवत नाहीत, ती गणिताच्या तासाला टाळावीत. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला लांबलचक मजकुराचे कोडे गणिताआधी भाषेतच अडवते, म्हणून ते आधी बोलून किंवा वस्तू मांडून सांगावे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत कोडी असतात, पण तयारीत त्यांचे ठरावीक नमुने होतात आणि घड्याळ लावून ती सोडवली जातात; मग कोड्याचेही सरावसंचातले उदाहरण होते. सर्वांत मोठा धोका शिक्षकाच्या घाईचा. वर्ग शांत झाला की उत्तर सांगून टाकण्याचा मोह होतो, आणि ते सांगताच मुलांचे काम संपते. अशा वेळी लहान आकड्यांचे तेच कोडे घालणे किंवा अडलेल्या मुलाला आतापर्यंत काय करून पाहिले ते सांगायला लावणे अधिक बरे. कोडे दोन-तीन दिवस अनुत्तरित राहिले तरी चालते.

मराठीतील साहित्य : मंगला नारळीकर यांच्या ‘गणितगप्पा’ने गणित हा घरात गप्पा मारण्याचा विषय आहे हे मराठी मुलांना आणि पालकांना दाखवून दिले. मात्र बाजारात मिळणाऱ्या कोड्यांच्या बहुसंख्य पुस्तकांत शेवटच्या पानांवर नुसती उत्तरे असतात. कोडे कोणत्या इयत्तेत, कोणत्या घटकाआधी घ्यावे आणि मुले कोठे अडतील याच्या टिपा नसतात. शिक्षकाला नेमकी गरज त्यांचीच आहे.