न्यूसेला लापिलसची कुळकथा

न्यूसेला लापिलस ही उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर राहणारी मांसाहारी समुद्री गोगलगाय. शंख साधारण 3 सेंटिमीटरचा. पांढरा, पिवळा, तपकिरी किंवा पट्टेदार. बार्नॅकल आणि कोकणातल्या शिनाण्यांच्या नात्यातले शिंपले हे तिचे खाद्य. शिंपल्यावर बसून ती पायातल्या ग्रंथीच्या स्रावाने त्याचे कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने खरवडते. पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. एका भोकाला दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो. भोक आरपार गेले की सोंड आत घालून पाचक रस सोडते आणि पातळ झालेले मांस शोषून घेते. शिंपलेही प्रतिकार करतात. आपल्या चिवट तंतूंनी ते तिला जखडून टाकतात आणि ती उपाशी मरते.

1758 मध्ये लिनीअसने तिला ‘बक्सिनम लापिलस’ म्हटले. बक्सिनममध्ये त्याने वरवर सारखे दिसणारे कितीतरी शंख एकत्र घातले होते. एकोणिसाव्या शतकात ती ‘पर्प्युरा’ प्रजातीत गेली. जांभळा रंग सुचवणारे हे नाव तिला शोभलेही, कारण तिच्या एका ग्रंथीतला फिकट रस उन्हात हिरवा होत शेवटी जांभळा होतो. विल्यम कोल या इंग्रज निरीक्षकाने 1685 मध्येच त्याचे वर्णन छापले होते. विसाव्या शतकात अनेक पुस्तकांत ती ‘थायस’ झाली. थायस आणि न्यूसेला ही दोन्ही नावे हॅम्बुर्गच्या बोल्टेन या डॉक्टरच्या शंखसंग्रहाच्या विक्रीसाठी रोडिंगने 1798 मध्ये केलेल्या यादीतली. विक्रीची यादी म्हणून ती दीर्घकाळ दुर्लक्षितच राहिली. 1993 मध्ये कूल या संशोधकाने केवळ शंखाच्या आकारावर न थांबता शरीररचना आणि दातेरी जीभ तपासली आणि न्यूसेलाला थायसच्या गोतावळ्यातून काढून ऑसिनेब्रिनी उपकुलात ठेवले. कुल म्युरिसिडी, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या प्रसिद्ध जांभळ्या रंगाच्या शंखांचेच.

शंखाच्या आकारावर भिस्त ठेवणे इथे विशेष धोक्याचे. लाटांचा मारा असलेल्या खडकांवर शंखाचे तोंड रुंद आणि कवच पातळ असते, कारण पाय मोठा असला तरच पकड टिकते. खेकड्यांचा वावर असलेल्या शांत किनाऱ्यावर कवच जाड आणि तोंड अरुंद. पिल्ले अंडकोशातून थेट रांगत बाहेर पडतात. तरंगती अवस्था नसल्याने शेजारशेजारच्या वस्त्याही वेगळ्या राहू शकतात. गुणसूत्रांच्या जोड्याही काही ठिकाणी 13, तर काही ठिकाणी 18 असतात. मात्र या दोन्ही प्रकारांचा आपसांत संकर होतो, म्हणून त्यांना एकच जाती मानतात.