मळसूत्राचा तह

विमानविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा वीरपुरुषांपासून आरंभ करतात. १९०३ सालचे राइट बंधूंचे उड्डाण, १९०९ साली ब्लेरिओने ओलांडलेली इंग्लिश खाडी, १९२७ मध्ये लिंडबर्गने एकट्याने पार केलेला अटलांटिक, या कथा आम्हांसही प्रिय आहेत. परंतु आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधणार आहोत त्यात वीरपुरुष असा कोणी नाही. विषय आहे मळसूत्राच्या आट्यांचा. विषयाचे नाव ऐकूनच पान उलटण्याची इच्छा व्हावी, हे आम्ही जाणतो; तरी वाचकांनी थोडा धीर धरावा.

रेल्वेचे एंजिन आपल्या रुळांबाहेर जात नाही. ते बिघडले तर ज्या कारखान्यात त्याची निगा राखली जाते तेथेच ते दुरुस्तीस येते. विमानाचे तसे नाही. ते सकाळी एका राष्ट्रात असते व सायंकाळी दुसऱ्या. आणि परक्या तळावर त्याचा एखादा बोल्ट झिजला तर तेथल्या कारागिराच्या पेटीतील बोल्ट त्यास बसला पाहिजे. म्हणजे ज्यांनी एकमेकांस कधी पाहिलेही नाही अशा माणसांनी मापांविषयी पूर्वीच एकमत केलेले असले पाहिजे. हे एकमत कसे झाले, कोणाच्या वजनाने झाले, आणि झाल्यावर ते पुरे पडले काय, हाच आमच्या जिज्ञासेचा विषय आहे.

आरंभ विमानाच्या पुष्कळ आधी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने १८४१ साली लंडनच्या सिव्हिल एंजिनियरांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडून सर्व देशासाठी एकच पद्धत सुचविली. त्याने केले ते इतकेच की, ठिकठिकाणच्या कारखान्यांतून मळसूत्रे गोळा केली, ती मोजली आणि मापांची सरासरी काढली. आट्यांच्या दोन उतारांमधील कोन ५५ अंश आला. या ५५ च्या आकड्यात गणिताचे किंवा पदार्थविज्ञानाचे काही गूढ असेल अशी आमची पूर्वी समजूत होती. तसे काही नाही. ती वहिवाटीची सरासरी होती, आणि म्हणूनच ती चटकन् मान्य झाली. कारण कोणालाच आपल्या वहिवाटीपासून फार दूर जावे लागले नाही.

तेवीस वर्षांनी, १८६४ साली, फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे विल्यम सेलर्स याने अमेरिकेसाठी दुसरी पद्धत मांडली. तिचा कोन ६० अंशांचा, म्हणजे समभुज त्रिकोणाचा. व्हिटवर्थच्या आट्यांचा माथा व तळ गोलसर असत. सेलर्सने दोन्ही सपाट केले. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. गोलाई अचूक साधण्यास हत्यारे अधिक लागतात व हातही कसलेला लागतो; सपाट आटे मात्र साधा कारागीरही पाडू शकतो. एकाने आपल्या देशात होते ते मोजले, दुसऱ्याने आपल्या देशात करता येईल ते निवडले. दोघेही आपल्या परीने बरोबर होते, आणि तेथेच पुढील शतकाच्या भांडणाचे बीज पडले.

पाच अंशांचा हा भेद डोळ्यांस जाणवत नाही. अर्ध्या इंचाच्या बोल्टास इंग्लंडात दर इंचास १२ आटे व अमेरिकेत १३; तेथे नट चढतच नाही आणि चूक तत्काळ कळते. परंतु इतर अनेक मापांत आट्यांची संख्या दोहोंकडे एकच होती. तेथे इंग्रजी नट अमेरिकन बोल्टावर चढतो, पण आट्यांचे उतार एकमेकांस पुरते टेकत नाहीत. चढतो, परंतु धरत नाही. न बसणारा नट परवडला. तो निदान खोटे बोलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या भेदाची किंमत द्यावी लागली. रोल्स-रॉईसचे मर्लिन एंजिन अमेरिकेत बनविण्याचा करार पॅकार्ड कंपनीशी १९४० साली झाला. एंजिन इंग्रजी, कारखाना अमेरिकन. आटे बदलावेत तर इंग्लंडातील एंजिनांस पॅकार्डचे भाग लागू पडणार नाहीत. न बदलावेत तर तशी हत्यारे अमेरिकेच्या बाजारात नाहीत. पॅकार्डने इंग्रजी आटेच कायम ठेवले आणि ते पाडण्याची हत्यारे स्वतः बनविली. त्या कारखान्यातून पन्नास हजारांवर एंजिने बाहेर पडली. हा पराक्रम खराच. पण दोन मित्रराष्ट्रांनी शत्रूशी लढण्यापूर्वी एकमेकांच्या मळसूत्रांशी लढावे, ही गोष्ट कोणालाही शोभणारी नव्हती. १९४३ मध्ये न्यूयॉर्क, १९४४ मध्ये लंडन व १९४५ मध्ये ओटावा येथे परिषदा भरल्या. आणि १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या. आम्ही त्यास तह म्हणतो. कोन ६० अंशांचा ठरला, म्हणजे व्हिटवर्थ हरला. मात्र आट्यांच्या तळाची गोलाई मान्य झाली. धातूस सतत कंप बसू लागला की चीर तीक्ष्ण कोपऱ्यापासून फुटू लागते, हे तोपर्यंत सर्वांस कळून चुकले होते. पुढे विमानांकरिता ही गोलाई आणखी वाढविलेला खास प्रकार रूढ झाला. तेव्हा हरलेल्या व्हिटवर्थचा अंश आकाशात राहिला असे म्हणावयास हरकत नाही.

या तहाच्या मेजाभोवती रशिया नव्हता. त्या राष्ट्राची त्याच सुमाराची एक कथा आम्हांस फार बोलकी वाटते. १९४४ साली जपानवर हल्ला करून परतणारी काही अमेरिकन बी-२९ विमाने सैबेरियात उतरली. त्यांतील तीन धड विमाने स्टालिनने परत केली नाहीत. तुपोलेव्ह या कुशल विमानकारास त्यांची हुबेहूब नक्कल करण्याची आज्ञा झाली. एक विमान सुटे केले, एक वैमानिकांस शिकविण्यास घेतले व एक नमुना म्हणून ठेवले. परंतु नक्कल करू गेल्यावर असे आढळले की, शत्रूची विद्या चोरता येते, त्याचा इंच चोरता येत नाही. बी-२९ चा पत्रा इंचाच्या सोळाव्या भागाइतका, म्हणजे १.५८७५ मिलिमीटर जाड. रशियाच्या गिरण्यांतून असा पत्रा निघतच नसे. मग कोठे किंचित जाड, कोठे किंचित पातळ पत्रा घेऊन, प्रत्येक भागाचे बळ पुन्हा मोजून विमान सिद्ध करावे लागले. १९४७ च्या ऑगस्टात मॉस्कोजवळ तुशिनो येथे ती विमाने लोकांपुढे आली. नक्कल म्हणून ज्यास हिणवावे ते काम प्रत्यक्षात एका मापपद्धतीतून दुसरीत केलेले भाषांतर होते, आणि भाषांतराचे कष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नकोत.

शिकागो येथे १९४४ च्या नोव्हेंबरात भरलेल्या विमानवाहतुकीच्या परिषदेसही रशिया आला नाही. ७ डिसेंबर रोजी ५२ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. हिंदुस्थान त्यांत होता. या कराराचे सदतिसावे कलम सांगते की, नियम व मानके यांत राष्ट्रांनी शक्य तितकी एकरूपता आणावी. अडतिसावे सांगते की, ज्यास ते जमत नसेल त्याने आपला फरक कळवावा. एका कलमाने बांधावे व दुसऱ्याने दोरी सैल सोडावी, ही रचना पाहून कायदेपंडित हसतील. आमच्या मते त्याच सैलपणामुळे हा करार टिकला.

मापांच्या बाबतीत तर तो सैलपणा जगाच्या अंगवळणी पडला आहे. १९४८ पासून मापांविषयी स्वतंत्र परिशिष्ट आहे. मीटर हे त्यातील मूळ माप. फूट केवळ तात्पुरता पर्याय म्हणून चालू ठेवलेला. तात्पुरता हा शब्द आम्ही मुद्दाम लिहितो, कारण फूट बंद करण्याची तारीख अद्याप ठरलेली नाही. उलट मीटरांत उंची मोजणाऱ्या रशियानेच २०११ च्या नोव्हेंबरात वरच्या आकाशमार्गांसाठी फूट पत्करला. चीन मात्र अजून मीटरच वापरतो. युद्धाच्या अखेरीस जगातील बहुतेक वाहतुकीची विमाने ज्यांच्या कारखान्यांतून निघत होती त्यांचे माप राहिले. शास्त्रीय गुण कोणाचे अधिक, हा प्रश्न उरलाच नाही.

मापांच्या संक्रमणाचा काळ कसा घातक असतो हे कॅनडात २३ जुलै १९८३ रोजी दिसले. देश किलोग्रॅमकडे वळत होता. एका नव्या बोइंग ७६७ विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. हिशेब करणाऱ्यांनी लिटरचे वजन काढताना पौंडाचा गुणक, १.७७, वापरला आणि निम्म्याहूनही कमी इंधनावर विमान निघाले. ४१,००० फुटांवर दोन्ही एंजिने बंद पडली. कप्तानास इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरचा सराव होता म्हणून गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर ते कसेबसे उतरले, व सर्व जण वाचले.

तरीही वाचक म्हणतील की, सर्वांनी एकच माप मानले की प्रश्न मिटला. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालेल्या एका विमानात माप एकच होते. सतरा हजार फुटांवर कप्तानापुढील काच उडाली व तो कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सोबत्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टन येथे विमान उतरविले, आणि कप्तानही जगला. चौकशीत असे निघाले की, आदल्या दिवशी पहाटे काच बदलताना कारागिराने जुना बोल्ट हाती धरून, डोळ्यांनी जुळवून नवे बोल्ट उचलले होते. ९० पैकी ८४ बोल्ट इंचाच्या सव्वीस सहस्रांशांनी बारीक होते. कोणते माप लागते ते कोठारातील मनुष्याने सांगितलेही होते, पण त्याने आग्रह धरला नाही. योग्य बोल्ट व चुकीचा बोल्ट दोन्ही १९४८ च्या तहातीलच; दोहोंस दर इंचास ३२ आटे. म्हणून चुकीचा बोल्ट चढला.

मागल्या महिन्यात आमच्या घरचा नळ गळू लागला. नळवाल्याने नवी तोटी आणली, आट्यांवर पांढऱ्या फितीचे चार वेढे दिले व ती फिरवून बसविली. आपल्या नळांचे हे आटे आजही व्हिटवर्थचेच, ५५ अंशांचे. अर्धा इंची म्हणून जे विकतात त्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. हे आम्ही मोठ्या उत्साहाने त्यास सांगितले. तो म्हणाला, "साहेब, अर्धा इंची म्हणजे अर्धा इंची. कुठल्याही दुकानात मागा."