प्रवाळाचे कलम

संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : कोवळा अंकुर आणि पोवळे. त्याचा पर्याय जो ‘विद्रुम’, त्याच्याही पोटात ‘द्रुम’ म्हणजे वृक्षच आहे. मराठी ‘पोवळे’ हे प्राकृत ‘पवाल’ ह्या रूपावरून आले; वाटेत अंकुराचा अर्थ गळाला व रत्नाचा तेवढा उरला. प्रवाळास वनस्पतींच्या पंक्तीस बसविणे ही भाषेची चूक होय, असे प्राणिशास्त्राच्या अभ्यासकास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून घरी प्रवाळ पाळण्याचा जो सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, तो पाहता ह्या चुकीत बरेच तथ्य होते असे दिसून येते. घरच्या टाकीत प्रवाळ खऱ्या अर्थाने रुजला, तो पाळणाऱ्यांनी त्याच्याकडे माळ्याच्या दृष्टीने पाहावयास आरंभ केल्यानंतरच.

अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले असता त्यावर पांढरी ‘फुले’ उमललेली पाहिली आणि प्रवाळ ही वनस्पतीच होय, असा निर्वाळा दिला. पेसोनेल या फ्रेंच वैद्याने त्याच फुलांत प्राणी ओळखला. परंतु त्याचे मत पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे १७२७ साली मांडताना रेओम्यूर ह्याने त्याचे नावही घेतले नाही. इतके ते मत त्या वेळी हास्यास्पद वाटत होते. पुढे त्रांब्ले ह्याने गोड्या पाण्यातील हायड्रा कापून पाहिला व प्रत्येक तुकड्यातून पुरता जीव तयार होतो असे दाखविले, तेव्हा १७४२ साली रेओम्यूरने आपले मत बदलले. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. कलमाने वाढणे हे वनस्पतीचे लक्षण मानले जाई. तेच लक्षण एका प्राण्यात सापडले, आणि त्यामुळे पेसोनेलच्या मतास बळकटी आली.

घरी प्रवाळ पाळण्याचा पहिला नीट नोंदलेला प्रयत्न ॲना थिन या इंग्रज स्त्रीचा. १८४६ साली तिने टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. प्रवासात ते हेलकावून फुटू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने स्पंजाला शिवून टाकले होते. लंडनला समुद्राचे पाणी हवे तेव्हा मिळण्याची सोय नव्हती. म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत राहावे व त्यात हवा मिसळावी, अशी युक्ती तिने योजिली. हे कष्टाचे काम तिची एक लहान मोलकरीण करी. आज जे काम विजेचा पंप करतो, ते प्रथम त्या मुलीच्या हातांनी केले. तिचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही. पुढल्या वर्षी थिनबाईंनी जिवंत समुद्रवनस्पतींसह खडक आणविले आणि ओतण्याचे काम बरेच हलके झाले. आपल्या प्रवाळांच्या वाढीविषयीचा त्यांचा लेख मात्र १८५९ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ साली उघडले होते, आणि फिलिप हेन्री गॉस ह्याच्या १८५४ च्या ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला होता. श्रेय अर्थातच गॉसकडे गेले.

त्या ग्रंथाची दुसरी फलश्रुती दुःखद झाली. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले व खडकांतील डबकी ओरबाडली गेली. गॉसच्या मुलाने १९०७ साली आपल्या आत्मवृत्तात ह्याबद्दल विषाद व्यक्त केला आहे. टाकीतला जीव मेला की नवा आणावयाचा, ही पद्धत पुढे शतकभर चालली.

थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले होते. त्यांना उजेडाची फारशी गरज नव्हती. उष्ण समुद्रातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात व सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न त्यांना पुरवितात. कार्ल ब्रांट ह्याने १८८१ साली त्या शैवालांना नाव दिले. परंतु त्यांच्यासाठी टाकीवर प्रखर दिवा लावला पाहिजे, हे पाळणाऱ्यांच्या अंगवळणी पडण्यास फार काळ लागला. १९५६ साली न्यू कॅलिडोनियातील नूमेआ येथे रने कताला ह्याने उघडलेल्या मत्स्यालयात जिवंत प्रवाळ दिसू लागले, पण तेथे समुद्र दाराशीच होता. जाकार्ताच्या ली चिन एंग ह्याने १९६१ साली आपली रीत प्रसिद्ध केली : जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढीच तिची सामग्री.

समुद्रापासून दूर असलेल्या बर्लिनमध्ये पुढचे पाऊल पडले. तेथील हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर दिवे आणि फेसाबरोबर मळ काढणारे यंत्र यांची सांगड घातली. प्रवाळाचा सांगाडा वाढावा म्हणून पाण्यात चुन्याची निवळी घालण्याची रीत पेटर विल्केन्स ह्याच्या लेखनाने रूढ झाली. त्यांच्यापैकी डीट्रिख श्टूबर ह्याच्या टाकीत ॲक्रोपोरा जातीचा एक प्रवाळ भराभर वाढला. त्याने त्याच्या फांद्या मोडून मित्रांना दिल्या, मित्रांनी आपापल्या मित्रांना दिल्या, आणि त्याच एका जिवाचे वंशज युरोपभर पसरले. ह्या वाटपात औदार्य होते तसा व्यवहारही होता. एखाद्या रात्री वीज गेली व टाकीतले सारे मेले, तर ज्याला फांदी दिली त्याच्याकडून ती परत मागता येई. जो देत नाही त्याचा प्रवाळ त्याच्याबरोबर संपतो, हे ह्या मंडळींस अनुभवाने कळलेले असते.

अशा फांदीस जर्मन भाषेत ‘आबलेगर’ म्हणतात. तो शब्द बागेतला. आपले माळी ज्यास दाबकलम म्हणतात, ते त्याने दर्शविले जाते. इंग्रजी बोलणारे तिला ‘फ्रॅग’, म्हणजे नुसता तुकडा म्हणतात. जर्मन शब्द अधिक सरस आहे, कारण तुकड्यास भविष्य नसते. मराठीत फाटेकलम हा शब्द चपखल बसेल. कृतीही तशीच : टोकाची फांदी कात्रीने छाटावयाची, चिकटद्रव्याने लहानशा चकतीवर बसवावयाची, पुढे काही आठवड्यांत प्रवाळाचे मांस चकतीवर पसरू लागते. समुद्रातही वादळाने मोडलेल्या फांद्या अशाच रुजतात.

कायद्याची भाषा मात्र निराळी आहे. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून परवान्याखाली आहे. त्या परवान्यावर जीव समुद्रातून काढलेला की पाळून वाढविलेला, हे सांकेतिक अक्षराने लिहावे लागते. भारतात २००१ साली भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाच्या पंक्तीस. मालवणच्या समुद्रातील प्रवाळांस त्याची गरज होतीच. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० साली हाजी अली व वरळी येथील अठरा वसाहती हलविण्यात आल्या, त्याही वनखात्याची परवानगी घेऊनच. बर्लिनमध्ये जे शेजाऱ्यास सहज देता येई, ते येथे देता येत नाही. नुसती फांदी हातात धरून ती भित्तीवरून तोडलेली की टाकीतील कलमाची, हे सांगणे तपासनिसास कठीण असते. आणि अनुसूचीत ‘कलम’ हा शब्द नाही.