कप्पीचें वर्तुळ

लांकडाच्या फळीवर वर्तुळ आंखणें सुतारास मुळींच अवघड नसतें. कैवाराचें एक टोंक रोंवलें आणि दुसरें फिरविलें कीं तें उमटतें. अवघड असतें तें कापणें. लांकडाचे तंतू एकाच दिशेनें गेलेले असतात. गोल वळणाऱ्या हत्यारास मात्र कधीं त्यांच्या कलानें, कधीं आडवें, तर कधीं थेट विरुद्ध जावें लागतें. हात चळतो तो तेथें. आजचा कारागीर विजेवर फिरणाऱ्या पात्याचें यंत्र एका पट्टीस जखडतो, पट्टीचें दुसरें टोंक मध्यबिंदूवर खिळतो आणि यंत्र त्या खिळ्याभोंवतीं फिरवितो. हत्यारास वाट आधींच आंखून द्यावयाची, म्हणजे हातास चुकण्याची मुभाच राहत नाहीं, हा त्यांतला विचार. याच विचारावर एक अख्खा कारखाना दीड शतकाहून अधिक काळ चालला. तो इंग्लंडांतील पोर्टस्मथच्या आरमारी गोदींत होता.

शिडाच्या जहाजावर कप्पीवांचून पान हलत नसे. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेस सुमारें एक हजार कप्प्या लागत, आणि नेपोलियनशीं झगडणाऱ्या ब्रिटिश आरमारास वर्षाकांठीं सुमारें एक लाख. कप्पीचें घर एल्मच्या लांकडाचें, आंतलें चाक लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण लांकडाचें. चाक जरासें वांकडें निघालें कीं दोर अडकावयाचा. आणि ऐन वादळांत किंवा लढाईंत दोर अडकणें म्हणजे काय, हें खलाशास सांगावें लागत नसे.

साउथॅम्प्टनचें टेलर घराणें या कप्प्यांचा मोठा भाग पुरवीत असे. तें कांहीं मागासलेलें नव्हतें. त्याच्या करवती पाण्याच्या जोरावर चालत. पण बरेंचसें काम अजून कारागिराच्या हातावर आणि नजरेवर सोंपविलेलें होतें. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत अमेरिकेस गेलेला मार्क ब्रुनेल १७९९ सालीं इंग्लंडांत आला आणि १८०१ सालीं त्यानें कप्प्या करण्याच्या यंत्रांचें पेटंट घेतलें. टेलरांनीं त्याची योजना नाकारली. मग आरमारी बांधकामांचा प्रमुख निरीक्षक सॅम्युएल बेंथॅम यानें ती उचलून धरली. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचा हा भाऊ स्वतः यंत्रज्ञ होता, हें ब्रुनेलचें भाग्यच. यंत्रें घडविलीं हेन्री मॉडस्ले यानें, आणि तीं सगळीं धातूंचीं. लांकडी सांगाडा हादऱ्यानें सैल होतो, आणि सैल सांगाड्यांतून नेमकें वर्तुळ निघत नाहीं.

चाकाचीच गोष्ट घ्यावी. ओंडक्याच्या चकत्या पाडल्यावर प्रत्येक चकती एका नळीसारख्या गोल करवतीपुढें येई. ती करवत परीघ कापी आणि त्याच वेळीं मधलें भोंक पाडी; त्यामुळें केंद्र आणि परीघ यांत तफावत पडण्यास जागाच उरत नसे. पुढें त्या भोंकाभोंवतीं पितळी बूच बसविण्यासाठीं तीन अर्धगोल खांचे कोरावयाचे असत. त्यासाठीं भोंकच आधाराला घेत आणि फिरतें पातें ठराविक अंतरावर तीन ठिकाणीं नेत. आजच्या कारागिराच्या पट्टीचें काम येथें त्या भोंकानें केलें. कप्पीच्या घराचीही तीच तऱ्हा. भोंकें पाडतांना ज्या पकडींत ठोकळा आवळीत, तिच्या खुणा लांकडावर उठत, आणि पुढच्या यंत्रांत ठोकळा त्याच खुणांवर बसवीत. बाहेरचा फुगीर आकार देतांना दहा ठोकळे दोन मोठ्या चाकांमध्यें एकदम जखडीत, आणि हत्यार एका वक्र सांच्याच्या आधारानें त्यांवरून जाई. कारागिरानें माप घेण्याचा प्रसंगच येत नसे.

१८०५ सालीं यंत्रांची मांडणी बहुतेक पुरी झाली. त्या वर्षीं १४ सप्टेंबरला, अखेरच्या सफरीवर निघतांना, नेल्सननें हा कारखाना पाहिला. ट्रफाल्गारचा विजय या कप्प्यांच्या पदरीं घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण यंत्रें नुकतींच लागलीं होतीं, आणि तेथें लढलेल्या जहाजांवर बहुतांशीं जुन्याच कप्प्या असणार. खरा हिशेब १८०८ सालचा आहे: पंचेचाळीस यंत्रें आणि वर्षाला १,३०,००० कप्प्या. जेथें पूर्वीं ११० कसबी माणसें लागत, तेथें दहा साधे मजूर पुरूं लागले.

कसब नाहींसें झालें असें म्हणणें बरोबर नाहीं. तें सुताराच्या बोटांतून निघून मॉडस्लेच्या लोखंडांत गेलें. मात्र लोखंडांत गेलेल्या कसबाची मजुरी कोणा सुताराच्या घरीं येत नाहीं. टेलर घराण्याचें कंत्राटही गेलें.

ब्रुनेलला एका वर्षाच्या बचतीइतकी रक्कम, सुमारें १७,००० पौंड, मिळाली. तीही मिळवितांना त्यास बराच झगडा करावा लागला. पुढें त्यानें सैन्यासाठीं बूट करण्याचा कारखाना काढला. युद्ध संपलें आणि बूट पडून राहिले. १८२१ सालीं कर्जापायीं तो तुरुंगांत गेला. तो रशियाच्या झारची चाकरी पत्करणार असें दिसूं लागलें, तेव्हां सरकारनें ५,००० पौंड देऊन त्यास सोडविलें.

शिडांचीं जहाजें गेलीं, तरी पोर्टस्मथचीं कांहीं यंत्रें विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही चालत होतीं. त्यांतलीं कांहीं आतां लंडनच्या सायन्स म्यूझियमच्या संग्रहांत आहेत.